चिमटीतली तार

आईच्या शिलाई मशीनला मोटर बसवून घेतलीये, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ती मोटर मी पळवतो. दोन स्क्रू, एक पट्टा आणि पायाखालचं पेडल, झालं. मग ती एका फळीवर ठोकून मी गिटारच्या पिकअपची कॉइल गुंडाळत बसतो. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ती काळी किंवा पांढरी पट्टी असते ना, ती. आत सहा चुंबकं उभी असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर स्टीलची तार थरथरली की खाली कॉइलमधे इवलंसं व्होल्टेज तयार होतं आणि तेच पुढे ॲम्प्लिफायरमधून शेजाऱ्यांपर्यंत जातं.

सुरुवात फजितीनेच झाली. सगळीकडे वाचलेलं की ४२ नंबरची तार लागते, म्हणून पुण्यात तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन म्हणलं ४२ नंबर एनॅमल वायर द्या. दिली. घरी आणून गुंडाळतोय तर तीन हजार वेढे व्हायच्या आतच बॉबिन, म्हणजे ज्यावर तार गुंडाळतात तो सांगाडा, फुल्ल, पुढे तार ठेवायला जागाच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की तो ४२ अमेरिकन गेजचा (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, नंबर वाढला की तार बारीक), म्हणजे ०.०६३५ मिमी, आणि आपल्याकडे दुकानात चालतं ते ब्रिटिश एसडब्ल्यूजी, त्यातला ४२ म्हणजे ०.१०१६ मिमी. मला हवी होती ती तार एसडब्ल्यूजीच्या ४५ आणि ४६च्या मधे कुठेतरी बसते. दुकानदाराची काही चूक नाही, मी मागितलं ते त्याने दिलं.

तर खरी तार आली आणि मग खरा प्रश्न आला, टेन्शनचा. दिवसातून दहा वेळा आपण एकमेकांना सांगतो टेन्शन घेऊ नको, इथे घ्यावंच लागतं, आणि तेही चिमटीत. तार बॉबिनवर चढताना ती किती ताणून धरायची एवढीच गोष्ट आहे, पण सगळं त्यावर अडतं. जास्त ताणली तर तांबं लांबतं, लांबलं की बारीक होतं, बारीक झालं की रेझिस्टन्स वाढतो, आणि त्याच्याही पुढे गेलात तर टक्. आवाजसुद्धा येत नाही खरंतर, फक्त चिमटीतलं ओझं अचानक नाहीसं होतं. आणि सैल सोडली तर कॉइल फुगते, मऊ लागते, वेढे आतल्या आत हलत राहतात, मग ॲम्प मोठा केला की पिकअप शिट्टी मारतो, वरून नखाने टकटक केलं तर तेही स्पीकरमधून ऐकू येतं. असल्या पिकअपला वितळलेल्या मेणात बुडवून काढतात म्हणजे वेढे जागच्या जागी बसतात, पण मुळातच ढिसाळ कॉइल मेणाने किती सावरणार.

त्यात बॉबिन गोल नसतं ही खरी मेख. लांबट, चपटं असतं. त्यामुळे मोटर एकसारखी फिरत असली तरी तार एकसारखी ओढली जात नाही, एका फेऱ्यात दोनदा हिसका बसतो आणि दोनदा ढील पडते. हळू फिरवलं तर बोटांना ते नाडीसारखं लागतं, टुक-टुक, टुक-टुक. स्पीड वाढवला की ठोके एकमेकांत मिसळून नुसती थरथर उरते आणि वाटतं आता मस्त चाललंय, पण हिसके असतातच आणि आता ते जास्त जोराचे झालेले असतात. तार बहुतेक वेळा तुटते ती दोन क्षणी, सुरू करताना पेडल एकदम दाबलं तर, नाहीतर थांबवताना. थांबवतानाचं कारण मला उशिरा कळलं. मी तारेचं रीळ खिळ्यावर फिरतं ठेवलं होतं, मोटर थांबली तरी रीळ फिरतच राहायचं, तार ढिली होऊन गुंता व्हायचा आणि पुन्हा सुरू केलं की तटकन. आता रीळ जमिनीवर उभं ठेवतो आणि तार वरच्या तोंडातून उचलून घेतो, रीळ फिरतच नाही.

वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर. एक अधिक एक दाबून ठेवायचं, बरोबरच्या बटणाला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच, जोडायचा आणि फिरणाऱ्या चकतीवर चुंबक, प्रत्येक फेऱ्याला आकडा एकने पुढे. फार पळवलं तर बिचाऱ्याला दम लागतो आणि तो आकडे खातो, म्हणजे स्पीडला लगाम घालणारं अजून एक जण घरात झालं.

गिटारवाल्यांमधे जुन्या हाती गुंडाळलेल्या पिकअपचं भयंकर वेड आहे. कॅलिफोर्नियात फेंडर या गिटार कंपनीच्या कारखान्यात १९५६ साली लागलेल्या अबिगेल इबारा, त्यांनी गुंडाळलेल्या कॉइलवर लोक जीव टाकतात. मशीन फिरवायचं, पण तार इकडून तिकडे न्यायचा तो हात. हाताने वेढे वेडेवाकडे पडतात, एकाला एक चिकटून बसत नाहीत, त्यामुळे कॉइलची कपॅसिटन्स, म्हणजे वेढ्यावेढ्यांमधे वीज साठवून धरायची क्षमता, थोडी कमी राहते आणि वरचे सूर जरा मोकळे वाटतात असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण माझ्या मते निम्मी जादू ही मागाहून चढवलेली आहे. दिवसभर तेच काम करून करून ज्या बोटांना ताण कळायला लागला होता त्या बोटांचं कौतुक करायला कोणी तयार नाही, सगळ्यांना ते वेडेवाकडेपणच हवंय. वेडंवाकडं तर मीपण गुंडाळतो.

मे महिन्यातल्या रविवारची गोष्ट. कॅल्क्युलेटर ५२१४ वर, पोट दुखायला लागलेलं कारण श्वास धरून बसलो होतो, आणि आई आत येऊन म्हणाली काय रे हा उकाडा, अन् पंख्याचं बटण दाबलं. तार उडाली. ती नुसती तुटत नाही हो, दिसेनाशी होते. रिळावरचं टोक शोधायला टॉर्च तिरका धरून, चिकटपट्टी गोल फिरवत अर्धा तास गेला. जोड देता येतो, एनॅमल खरवडून, पीळ घालून, डाग देऊन, पण कॉइलच्या मधोमध तो फोड मला बघवत नाही.

मी काही बोललो नाही, चेहऱ्यावर आलं असावं. तिने फळी बघितली, मोटर ओळखली, आणि म्हणाली, "दोरा असा धरतात का रे?"

मी अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत फेल्टचा तुकडा धरून, त्यात तार आवळत होतो. तिने स्टूल ओढलं, कोपर टेबलावर टेकवलं आणि तार तर्जनीच्या कडेवरून सोडून अंगठा वर नुसता ठेवला, दाबला नाही. बॉबिनचा हिसका आला की मनगट जरासं पुढे, ढील पडली की मागे, ती बघतही नव्हती तिकडे. पेडलवर पाय असा की मोटर नुसती गुणगुणायला लागली. चाळीस वर्षं मशीनची बॉबिनं भरलीयेत तिने. मधेच म्हणाली, "ही तार आहे होय, मला वाटलं केस."

मी रेघ ओढल्यासारखा शांत बसून होतो. हजार झाले, दोन हजार झाले, पाच हजारावर पंखा बंदच होता आणि तिच्या कपाळावर घाम. ७८०० ला मी थांब म्हणलं. मीटर लावला तर ६.१ किलोओहम, म्हणजे एवढ्याशा पट्टीत एक किलोमीटरच्या वर तार बसली होती. उन्हाळ्यात तांबं गरम असतं म्हणून आकडा थोडा जास्तच दाखवतो, दहा डिग्रीला साधारण चार टक्के, थंडीत तोच पाच पॉइंट नऊच्या आसपास यावा. हे सगळं मी तिला उत्साहाने सांगत होतो.

ती तोवर स्क्रूड्रायव्हर शोधत होती. समोरच्या काकूंचे दोन ब्लाऊज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.