बोत्स्वाना: आधी डुमेला, मग हत्ती

आफ्रिकन सफारी म्हटलं की आपल्याकडे केनिया, टांझानिया नाहीतर साऊथ आफ्रिकेची पॅकेजेस निघतात, बोत्स्वाना म्हटलं की "हे नक्की कुठे आलं" इथपासून सुरुवात. तर साऊथ आफ्रिकेच्या बरोब्बर डोक्यावर, नामिबिया आणि झिम्बाब्वेच्या मधे. आकार महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आणि माणसं जेमतेम पंचवीस लाख, म्हणजे एकट्या पुण्यापेक्षा कमी. हे गणित डोक्यात ठेवूनच प्लॅन करा, कारण पेट्रोल पंप, हॉटेल, मदत मागायला माणूस, सगळं ह्याच हिशोबाने भेटतं.

पण गाडी, कॅम्प, कॅमेरा ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट शिका. डुमेला, म्हणजे तिथल्या सेट्स्वाना भाषेतला नमस्कार. बाईंना "डुमेला मा", पुरुषाला "डुमेला रा" (हा र जरा घोळवायचा). मग तब्येतपाणी विचारायचं, आणि मगच कामाचं बोलायचं. आपली सवय काय, दुकानात शिरलं की थेट "हे केवढ्याला". तिथे ते चक्क उद्धट वाटतं. एका पंपावर आमच्या पुढे एक गोरा टूरिस्ट काउंटरवर जाऊन एकदम टॉयलेटची चावी मागायला लागला, काउंटरवरच्या मावशी हसून "डुमेला रा", त्याने तेच परत मोठ्याने विचारलं, त्या परत "डुमेला रा", असं तीनदा झाल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि मग चावी मिळाली. इंग्लिश जवळपास सगळ्यांना येतं त्यामुळे पुढे अडत नाही, पण पहिला शब्द सेट्स्वानाच हवा. पैसे देताना-घेताना किंवा शेकहँड करताना डावा हात उजव्या कोपराच्या पुढे टेकवायचा, देवळात तीर्थ घेताना आपण उजव्या हाताखाली डावा धरतो ना, साधारण तसंच, त्यामुळे आपल्याला हे पटकन जमतं. गावात ख्होत्ला असतो, म्हणजे गावचे प्रमुख जिथे बैठक आणि न्यायनिवाडा करतात ती जागा. तिथे जायचं असेल तर बायकांनी पँटऐवजी स्कर्ट किंवा ड्रेस घालावा, पुरुषांनी टोपी काढावी. मी सुती लुंगीसारखं एक कापड बॅगेतच ठेवलं होतं, जीन्सवर गुंडाळलं की झालं.

राजधानी गॅबोरोन (तिथले लोक खाबोरोने म्हणतात) बघायला म्हणून फार काही नाही, खरं सांगायचं तर एक दिवस पुरे. पण थ्री डिखोसी स्मारक चुकवू नका. 1895 साली खामा, सेबेले आणि बाथोएन हे तीन राजे बोटीने थेट लंडनला गेले आणि आमचा मुलुख सेसिल ऱ्होड्स ह्या ब्रिटिश उद्योगपतीच्या कंपनीला देऊ नका म्हणून सांगून आले. ते जमलं म्हणून हा देश ऱ्होडेशियात (आजचे झिम्बाब्वे-झांबिया) गेला नाही. 30 सप्टेंबर 1966 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देश गरिबांतला गरीब होता, आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. इथले कितीतरी हिरे पैलू पाडायला आपल्या सुरतेत येतात. पण तिथे रस्त्यावर श्रीमंतीचा बडेजाव कुठे दिसत नाही, मला तरी ते फार आवडलं.

आता रस्ता. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, हायवे सरळ आणि चांगले, एवढे सरळ की झोप येते. वेगमर्यादा 120, गाव आलं की 60, आणि गावाच्या पाटीपाशीच पोलीस स्पीडगन घेऊन झाडाखाली बसलेले असतात. अंधार पडल्यावर अजिबात चालवू नका. गाढवं, गुरं रस्त्याच्या मधोमध उभी असतात आणि नाटाच्या पुढे कसानेकडे निघालात की गाढवांच्या जागी हत्ती. नाटा हा तिठा आहे, एक रस्ता माऊनला, एक कसानेला, दोन्हीकडे साधारण तीनशे किलोमीटर, टाकी तिथे फुल करायचीच.

वाटेत मधेच एक फाटक लागतं आणि सगळ्यांना खाली उतरवतात. हे कशासाठी तर लाळ्या-खुरकूत. उत्तरेकडे रानम्हशी आहेत, त्यांच्याकडून रोग गुरांत येतो, आणि इथलं बीफ युरोपला जातं त्यामुळे ह्यात काही सूट नाही. ओल्या पायपुसण्यावर बूट बुडवायचे, गाडी औषधाच्या पाण्यातून न्यायची, उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेत असाल तर ते तिथेच सोडायचं. कॅम्पिंगवाले लोक म्हणून फाटकाच्या अलीकडेच शेगडी पेटवून सगळं भाजून खाताना दिसतात!

कसाने छोटंसं गाव, रस्त्यावर रानडुकरं गुडघे टेकून गवत खातायत. दुपारची बोट घ्या. चोबे नदीवर कोरड्या दिवसांत दुपारनंतर हत्तींचे कळपच्या कळप पाण्यावर येतात, पोहत पलीकडच्या सेडुडू बेटावर जातात. ह्या बेटावरून नामिबियाशी भांडण झालेलं, ते हेगच्या कोर्टात गेलं आणि 1999 मध्ये बोत्स्वानाच्या बाजूने निकाल लागला. देशात एक लाखाच्या वर हत्ती आहेत, जगात कुठल्याच देशात एवढे नाहीत. इथूनच काझुंगुलाचा पूल ओलांडून झांबियात जाता येतं, 2021 च्या आधी तराफ्यावरून गाड्या नेत होते.

आणि माऊन, ओकाव्हांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाचं दार. हे प्रकरण मला समजायला वेळ लागला कारण आपल्या डोक्यात पूर म्हणजे पाऊस. इथे पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, आपल्या हिवाळ्या-उन्हाळ्यात, आणि ते पाणी रमतगमत सपाटीवरून येत येत माऊनला पोचतं जून-जुलैला, तेव्हा तिथे आभाळात ढगसुद्धा नसतो. नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटात पसरते आणि संपते. आतले लॉज प्रचंड महाग आहेत, सरकारचं धोरणच आहे की माणसं कमी येऊ देत पण पैसे जास्त देऊ देत. आमचं बजेट तेवढं नव्हतं. मग माऊनहून दिवसभराचा मोकोरो घेतला, म्हणजे अरुंद होडी, मागे उभा राहून एक माणूस लांब काठीने ढकलतो. पूर्वी लाकूड कोरून करायचे, आता झाडं वाचावीत म्हणून बऱ्याच फायबरच्या. मोटर नाही, आवाज नाही, डोळे पाण्याच्या लेव्हलला, आणि पाणघोडा दिसला की तो मागचा माणूस निमूटपणे लव्हाळ्याच्या आड होडी घालतो, आपण काही बोलायचं नाही.

जेवणाचं टेन्शन आपल्याकडचे फार घेतात. सेस्वा म्हणजे मीठ घालून तासन्‌तास शिजवून कुटलेलं मटण किंवा बीफ, विचारून घ्या. व्हेजवाल्यांनी बोखोबे मागा, म्हणजे ज्वारीचं पीठ घट्ट शिजवलेलं, आंबवलेलंही असतं, सोबत मोरोखो म्हणजे चवळीच्या पाल्याची भाजी. आमच्या सासूबाई तर दोन घास खाऊन म्हणाल्या, ठेचा तेवढा हवा होता. माख्विन्या म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, सकाळी टपरीवर गरम मिळतात. गॅबोरोनला भारतीय किराणा आरामात मिळतो, तांदूळ-डाळी घेऊन जायची गरज नाही.

बाकी सुट्टं सुट्टं: आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो, मुलं बरोबर असतील तर जन्मदाखले ठेवा. डायरेक्ट फ्लाइट नाही. अदिस अबाबामार्गे येणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीची चौकशी आधीच करा, परत येताना मुंबईत विचारू शकतात. उत्तरेत मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला. जून-जुलैच्या रात्री कलहारी वाळवंटात पाणी गोठायला येतं, स्वेटर नको कानटोपीच घ्या, दोन्ही घ्या खरं तर. ऑक्टोबरात उलट चाळीसच्या वर. आणि अ‍ॅडॉप्टर विकत घेण्याआधी थांबा, तिथे बऱ्याच ठिकाणी आपल्या गिझरचा असतो तसला मोठा तीन गोल पिनांचा सॉकेट असतो, घरातलं कन्व्हर्टर चालून जातं.