ड्राय गिटारचं रीअँपिंग: आधी लेव्हल जुळवा, मग माइक

रीअँपिंग म्हणजे इफेक्टशिवाय थेट रेकॉर्ड केलेली (ड्राय) गिटार नंतर अँपमधून वाजवून माइकने पुन्हा रेकॉर्ड करणं. अशी रीअँप केलेली गिटार बेजान वाटली की बहुतेक जण माइक हलवायला लागतात. दोष बऱ्याचदा त्याच्या आधीच असतो. अँपमध्ये शिरणारा सिग्नल गिटारमधून थेट येणाऱ्या सिग्नलइतका नसतो. जास्त असेल तर क्लीन चॅनलही फाटतो. कमी असेल तर गेन कितीही वाढवा, नोटेला अंग येत नाही.

रेकॉर्डिंग करताना गिटार ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार कम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीच्या) हाय-झी, म्हणजे जास्त इम्पीडन्सच्या (विद्युत अडथळ्याच्या) इनपुटलाच लावा. पॅसिव्ह (बॅटरीशिवायच्या) पिकअपला समोर साधारण १ मेगाओहम हवा असतो, अँपचा इनपुटही तेवढाच असतो. लाइन इनपुट त्या मानाने फारच कमी, सहसा दहा-वीस किलोओहमचा. तो पिकअपचा रेझोनन्स दाबतो, वरची चमक जाते आणि नंतर इक्यूने ती नीट परत आणता येत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, गाण्यातला सगळ्यात जोराचा स्ट्रोक मारा, मीटरवरचं शिखर -१० डीबीएफएसच्या (० म्हणजे डिजिटल कमाल) आसपास ठेवा. गेन पूर्ण खाली असताना एवढी लेव्हल येत असेल तर उत्तम, कारण नॉबची ती जागा पुन्हा हमखास सापडते. नाहीतर तिथे पेन्सिलने खूण करा.

ट्रॅकवर कॉम्प्रेसर नको, गेटही नको. पण ऐकताना अँप सिम (अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावूनच वाजवा, शेवटी ठेवणार तेवढ्याच गेनवर. कोरडा आवाज ऐकत वाजवलं की हात जड पडतो, पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेले सूर) सैल होतात आणि न वाजवलेल्या तारांची खुसखुस कानावर येत नाही. हाय गेन अँपमधून ती पुढे ढणढणीत ऐकू येते. टेकच्या आधी सिमचा गेन चढवून दहा सेकंद नुसती शांतता ऐका. सिंगल कॉइल पिकअप असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बंद करा, लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, मग खुर्ची हळूहळू फिरवा. एका कोनात गुणगुण स्पष्ट कमी होते. तिथेच बसून वाजवा.

आता उलटा प्रवास. व्यावसायिक लाइन लेव्हल म्हणजे +४ डीबीयू, १.२३ व्होल्ट, आणि इंटरफेसचं आउटपुट पूर्ण लेव्हलवर त्याच्याही बरंच वर जाऊ शकतं. गिटार मात्र बहुतेक वेळ काहीशे मिलिव्होल्टवर असते. रीअँप बॉक्स लेव्हल उतरवतो, सोर्स इम्पीडन्स पिकअपच्या जवळ नेतो, आणि ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं राहून ग्राउंड लूपची घरघर जाते. बॉक्स नसेल तर पॅसिव्ह डीआय (गिटारचा सिग्नल माइक इनपुटजोगा करणारा बॉक्स) उलटा लावूनही काम भागतं. फक्त हिशोब ध्यानात ठेवा: १२:१ चा ट्रान्सफॉर्मर उलटा केला की व्होल्टेज १२ पट, म्हणजे सुमारे २१.६ डीबी वाढतं. त्यामुळे सेंड (इंटरफेसमधून बाहेर पाठवायची लेव्हल) आधी -३० डीबीवर नेऊन तिथून वर या. फायदा असा की इम्पीडन्स १४४ पट होतो. आउटपुटचे १०० ओहम १४.४ किलोओहम होतात, पिकअपसारखेच. डीआयचं एक्सएलआर मेल असतं, म्हणून टीआरएस ते एक्सएलआर फीमेल केबल लागेल.

लेव्हल कानाने जुळवू नका. बॉक्समधून अँपकडे जाणारी केबल आधी त्याच हाय-झी इनपुटला लावा, गेन रेकॉर्डिंगच्या वेळचाच. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये डीआय ट्रॅकच्या (ड्राय गिटारच्या ट्रॅकच्या) रूट बटणात मास्टर सेंड काढा आणि हार्डवेअर आउटपुट मोनो ३ (जिथे बॉक्स जोडला आहे) निवडा. परतीचा ट्रॅक ३ वर जात नाही आणि इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंगही तिकडे नाही, हे तपासा, नाहीतर लूप किंचाळेल. डीआय वाजवून पुन्हा रेकॉर्ड करा. मूळ शिखर -१० आणि परत आलेलं -६.५ असेल तर बॉक्सचा पॉट ३.५ डीबी खाली. दोन्ही सारखे झाले की केबल काढून अँपमध्ये. पॉटला आता हात लावायचा नाही. दोन्ही वेव्हफॉर्म मोठे करून एकाखाली एक बघा: एकात पहिला उंचवटा वर आणि दुसऱ्यात खाली असेल तर बॉक्स पोलॅरिटी उलटवतो आहे. डीआय आणि माइक मिसळणार असाल तर हे आत्ताच सुधारा.

माइकसाठी एसएम५७, जाळीपासून दोन-तीन सेंटीमीटर, डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मधल्या गोल टोपीच्या) कडेवर. डीआयच्या सुरुवातीला एक छोटा क्लिक ठेवा. तोही अँपमधून जाऊन येतो, आणि सॉफ्टवेअरची लेटन्सी भरपाई चुकली असेल तर किती सॅम्पल सरकवायचं ते त्यावरून कळतं. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. हवेतून आवाज तेवढ्या वेळात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणून लांबच्या रूम माइकचा उशीर मात्र पुसू नका. खोलीचा आकार त्याच उशिरातून ऐकू येतो.

दोन गोष्टी रीअँपवर सोडू नका. फझ फेससारख्या फझ (आवाज खरखरीत फाडणाऱ्या) पेडलचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी असतो की पिकअप आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब त्याच्या सर्किटचा भागच होतात. बॉक्समधून तो वेगळाच वाजतो, म्हणून फझ टेकच्या वेळीच रेकॉर्ड करून घ्या. दुसरी गोष्ट अँपचा फीडबॅक. त्यासाठी स्पीकरच्या हवेने तार हलावी लागते, आणि रीअँपच्या वेळी खोलीत तारच नसते. तेवढा भाग डीआयच्या थ्रू आउटपुटमधून अँप चालू ठेवून, त्याच्या समोर उभं राहूनच वाजवा.