नाताळची सुट्टी, दिवा-रोहा गाडी आणि वालाच्या शेंगा

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुरू होतं, थर्टी फर्स्टला कुठे, लोणावळा की अलिबाग की गोवा, आणि जी खोली एरवी परवडते तिचाच रेट त्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट झालेला असतो, वर एक्स्प्रेसवेला गाड्यांची रांग, मागच्या सीटवर मुलं वेफर्सची पाकिटं फोडत मोबाईल बघतायत. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. कारण आपल्याकडे, निदान मुंबई-कोकण पट्ट्यात तरी, थंडीचे हे दोन महिने म्हणजे वर्षातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं खायचे दिवस. ना उकाडा, ना पाऊस, बाजार भरलेला, शेतं हिरवी. आणि नेमकी हीच सुट्टी आपण सगळ्यात जास्त पैसे घालवून आणि सगळ्यात जास्त कचरा करून काढतो.

आमच्या घरी सुट्टीची सुरुवात भाजी मार्केटपासून होते. मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे २४-२५ तारखेपासून १ जानेवारीपर्यंत दोघं घरात, आणि घरात असली की दर अर्ध्या तासाने भूक. म्हणून पहिल्याच दिवशी दोघांच्या हातात एकेक कापडी पिशवी देऊन मंडईत. डिसेंबरात बघा काय काय असतं, मेथी, मुळा, लाल माठ, हिरवी लसूण, मटार, गाजर, तुरीच्या शेंगा, पावटा, ओला हरभरा, आवळे, पेरू, बोरं. स्टेशनबाहेर कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या बायका बसतात ना, त्यांच्याकडे सगळ्यात ताजं मिळतं आणि पाल्यासकट मिळतं, मुळ्याचा पाला काढून टाका असं मी कधीच सांगत नाही, तो पाला मुगाची डाळ घालून परतला की दुसऱ्या दिवशीची भाजी झाली. एका मुळ्याच्या जुडीत दोन वेळचं भागतं.

सोललेले मटार, सोललेला पावटा, प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलेले ओले हरभरे, हे मी घेत नाही. एक तर महाग पडतं आणि दुसरं म्हणजे सोलायचं काम हेच तर मुलांना सुट्टीत द्यायला हवं. दुपारी जेवणं झाली की सासूबाई, दोन्ही मुलं आणि खालच्या मजल्यावरची त्यांची मैत्रीण हॉलमध्ये पेपर पसरून बसतात, किलोभर शेंगा तासाभरात सोलून होतात, त्यातले पाव किलो दाणे तोंडात जातात आणि ते जावेतच असं माझं मत आहे. कच्चा मटार नि ओला हरभरा खाणाऱ्या मुलाला चार वाजता बिस्किटाचा पुडा लागत नाही. सालं बाल्कनीतल्या खताच्या बादलीत, वरून खालच्या बदामाच्या झाडाची वाळलेली पानं, बास. आमच्या वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय की पानं जाळायची नाहीत, मला द्या. थंडीत तसाही वारा पडलेला असतो, सकाळी धुरकं खालीच रेंगाळतं, त्यात पाला जाळून अजून धूर कशाला, घरात एकाला बाळदमा असलेल्या कोणालाही विचारा.

लाडवांबद्दल एक सांगते. डिंकाचे लाडू, सुकामेवा, साजूक तूप, हे सगळं आता खूप महाग झालंय, आणि थंडीत पौष्टिक म्हणजे काजू-बदामच अशी आपली समजूत झालीय. आमच्याकडे अळिवाचे होतात. नारळ फोडला की पाणी टाकायचं नाही, त्याच पाण्यात अळीव दोनेक तास भिजत घालायचे, फुलून बुळबुळीत होतात, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद गॅसवर आटवायचं, जायफळ, झालं. तुपाचा एक चमचा हाताला लावायला. अळीव लोहासाठी चांगले आणि चार चमच्यांत ताटभर लाडू होतात म्हणून खर्च जवळजवळ नारळ-गुळाचाच. ओल्या खोबऱ्यामुळे बाहेर टिकत नाहीत, दोन दिवसांत संपवायचे नाहीतर फ्रीजमध्ये. तिळाचंही तसंच, १०० ग्रॅम तिळात साधारण १ ग्रॅम कॅल्शियम असतं, आता दूध न पिणाऱ्या मुलांच्या आयांनी हे लक्षात ठेवा, भाकरीवर तीळ लावायला संक्रांतीची वाट कशाला बघायची.

पण सुट्टीचा खरा मोठा कार्यक्रम म्हणजे माझं माहेर, रोह्याच्या अलीकडे. आम्ही गाडीने जात नाही, दिवा-रोहा मेमूने जातो. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत त्यामुळे वेळ बघून निघावं लागतं, पण चौघांचं जायचं तिकीट एका पिझ्झाहून स्वस्त पडतं, टोल नाही, पेट्रोल नाही, कोणाला उलटी होत नाही. तळोजा गेलं, पनवेल गेलं की हळूहळू बिल्डिंगी विरळ होतात, आपट्यापासून डोंगर जवळ येतात, पेणपर्यंत डब्यात काकड्या-शेंगदाणे विकणाऱ्यांची ये-जा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते हे मुलाला आता पाठ झालंय, तो डब्यातल्या अनोळखी लोकांनाही सांगतो. डबा घरचा, मेथीचे ठेपले आणि पेरू, पाणी स्टीलच्या बाटल्यांतून. दोन तास खिडकीत बसून बाहेर बघणं, मला विचाराल तर मुलांसाठी याहून चांगली ट्रिप नाही.

आणि तिकडे गेलं की पोपटी, म्हणजे शेतात मडक्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण घाटावरच्या लोकांना हुरडा माहीत असतो पण पोपटी नाही. रायगडात भातकापणी झाली की त्याच शेतात वाल पेरतात. पाणी द्यावं लागत नाही, जमिनीत राहिलेली ओल आणि पहाटेचं दव यावर वाल येतो. दादाने मागच्या वर्षी मुलांना एक रोप उपटून दाखवलं, मुळांना बारीक बारीक गाठी होत्या, त्यातली एक नखाने फोडली तर आतून गुलाबी. या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणजे वाल आपल्याला खायला घालून वर पुढच्या भातासाठी खत ठेवून जातो. मुलगी म्हणाली, “मामा, म्हणजे हे झाड युरिया बनवतं?” दादा म्हणाला, “तसंच समज, फक्त पोत्याचे पैसे नाहीत.” पुस्तकातला धडा आणि शेत एकत्र आलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला फार आवडतं.

तर पोपटी. मडकं लागतं, जुनं, थोडा टवका उडालेला असला तरी चालतं, वहिनीकडे एक आहे तेच वर्षानुवर्षं वापरतोय. बांधावर या दिवसांत भांबुर्डी उगवते, कोणी लावत नाही, आपोआप येते, तिच्या पाल्याला ओव्यासारखा उग्र वास असतो. मडक्याच्या तळाशी हा पाला दाबून भरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, न सोलता, नुसत्या धुतलेल्या, मग जाडं मीठ आणि ओवा, मग बटाटे, रताळी, कांदे, ज्यांना हवीत त्यांची अंडी, चिकन खाणारे केळीच्या पानात मसाला लावलेलं चिकन मधोमध ठेवतात, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी परत भांबुर्डी गच्च कोंबून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्याच वाफेवर सगळं शिजतं. भोवती पेंढा, वाळक्या काटक्या, एखादी गोवरी लावून पेटवायचं, अर्धा तास, कधी थोडं जास्त. झालं का नाही हे बघायला वहिनी मडक्यावर पाण्याचा हबका मारते, चर्र करून लगेच सुकलं की काढायचं.

मडकं उघडल्यावर जी वाफ येते तिला शेंगांचा, ओव्याचा, धुराचा मिळून एक वास असतो. शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात, साल हातात. गरम असते, बोटं पोळतात, कोणी थांबत नाही. सगळे अंगणात गोल बसलेले, केळीच्या पानावर ढीग, मुलं एरवी वालाच्या उसळीला नाकं मुरडतात ती दोन-दोन मुठी शेंगा संपवतात. शेंग पुरती भरते ती जानेवारीतच, नाताळात लवकर पेरलेल्या शेतातली मिळते, जरा कोवळी असते, पण सुट्टी तेव्हाच असते म्हणून आम्ही तेव्हाच करतो. उरलेली सालं गोठ्यात, राख परसात अळूच्या बुंध्याशी. प्लेट नाही, चमचा नाही, कचऱ्याची पिशवी नाही. आता रिसॉर्टवालेही पोपटी पार्टी ठेवतात, थर्माकोलच्या नाहीतर प्लास्टिक कोटिंगच्या डिशमध्ये देतात, त्याचे माणशी भरपूर पैसे घेतात. ज्यांचं गाव नाही त्यांनी एखाद्या शेतकरी कुटुंबाला विचारून, त्यांना रास्त पैसे देऊन त्यांच्याच अंगणात करावी, पैसा थेट घरात जातो. फक्त जळता पेंढा सोडून उठायचं नाही, वारा सुटला तर बांधावरचं गवत पेटायला वेळ लागत नाही.

गावाला न जाता शहरातच असाल तर फ्लेमिंगो बघा ना. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी नोंद झाली, आणि आपण लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर राहूनही मुलांना ते दाखवलेलं नसतं. सीवूड्सच्या बाजूला पाणथळीच्या कडेला उभं राहिलं तरी दिसतात, भरती-ओहोटीची वेळ बघून जायचं. एक विनंती, या दिवसांत समुद्रावर पांढरे कुरव पक्षी येतात त्यांना लोक गाठ्या नि फरसाण फेकतात, फोटोसाठी, ते करू नका. थंड देशातून इतक्या लांब आलेल्या पक्ष्याला आपलं तळलेलं खारं बेसन कशाला.

थर्टी फर्स्टला आम्ही सोसायटीतच असतो. नियम एकच, प्रत्येकाने आपलं ताट, वाटी, भांडं घरून आणायचं आणि घरी नेऊन धुवायचं. सुरुवातीला दोन घरांनी कुरकूर केली, आता कोणी विचारतही नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या डिश, ग्लास, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आहे तरी बाजारात मिळतातच, म्हणून हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मुलांचं सीक्रेट सांता पण असतं, त्यात नवीन काही विकत आणायचं नाही, आपल्याकडचं चांगल्या स्थितीतलं पुस्तक किंवा खेळ द्यायचा, कागद चकचकीत नको. तो चुरगळून बघा, मूठ सोडल्यावर परत उलगडला तर त्यात प्लास्टिक आहे, रद्दीवालाही घेत नाही. जुन्या साडीच्या तुकड्यात गाठ मारून दिलेलं गिफ्ट जास्त छान दिसतं आणि तो तुकडा पुढच्या वर्षी परत फिरतो.

विजेचं म्हणाल तर थंडीत बिल वाढतं ते गीझरने. २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालू राहिला की १ युनिट. आम्ही बादलीनेच आंघोळ करतो आणि एकामागोमाग एक, म्हणजे गीझर एकदाच तापतो. सुट्टीत मुलं दहाला, अकराला, बाराला आंघोळीला जायला बघतात, तिथे मी ऐकत नाही.

आणि सुट्टी संपते ना संपते तोच भोगी येते, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ किंवा १४ जानेवारीला, मंडईत जे जे हिरवं आहे ते सगळं एका भाजीत, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात ते या भाजीत काय काय पडतं ते बघितलं की पटतं. त्यानंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. वाणात येणारे प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणदाण्या कोणाच्याच घरी उपयोगी पडत नाहीत, कपाटात वरच्या फळीवर जातात नाहीतर पुढच्या वर्षी दुसरीला दिल्या जातात. मी गेली काही वर्षं वाण म्हणून दादाच्या शेतातले कडवे वाल देते, पाव किलो, कापडी पुरचुंडीत. हे आधीच्या हंगामातले वाळवून ठेवलेले असतात, कीड लागू नये म्हणून वहिनी बिबव्याची नाहीतर कडुलिंबाची वगैरे जी काळजी घ्यायची ती घेऊन कणगीत ठेवते, पैसे तिला मिळतात आणि खर्च बाजारातल्या प्लास्टिकच्या वस्तूपेक्षा कमीच येतो. पहिल्या वर्षी एका शेजारणीने फोन करून विचारलं होतं की वालाला मोड येत नाहीयेत, खराब आहेत का. खराब नव्हते, थंडी होती. तेव्हापासून पुरचुंडीत चिठ्ठी असते: रात्रभर भिजवा, मग फडक्यात घट्ट बांधून पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवा, थंडीत मोड यायला दोन दिवस तरी लागतात, आणि मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून सोला, साल पटकन सुटते.