एवढ्या वर कशाला जातात रे?

मार्चमध्ये आईला घेऊन ताईकडे लंडनला गेलो. आईचा पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे खिडकीची सीट तिची हे घरूनच ठरलेलं. टेकऑफनंतर मुंबईचे दिवे दिसले, मग समुद्र, मग ढग आणि नंतर नुसतंच पांढरं. पंधरा मिनिटं बघितलं तिने आणि मग म्हणाली, "एवढ्या वर कशाला जातात रे? जरा खालून गेलं असतं तर गावं तरी दिसली असती."

प्रश्न चुकीचा नव्हताच. समोरच्या स्क्रीनवर मॅप लावला, उंची ३४ हजार फूट, बाहेर उणे ५० च्या आसपास. म्हटलं आई, पंचगंगेत कमरेएवढ्या पाण्यातून चालताना पाय कसे ओढावे लागतात आणि काठावर आलं की एकदम हलकं वाटतं, तसंच आहे हे. खाली हवा दाट, ती कापत जायला तेल जास्त जळतं. इथे वर हवा जमिनीवरच्या साधारण एक तृतीयांशच उरते. "मग पडत कसं नाही?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता खरं तर. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते ना, म्हणून तर ताशी नऊशेच्या आसपास पळावं लागतं, आणि अजून वर गेलं तर इंजिनाची ताकदही पुरत नाही. म्हणजे वर जायलाही लिमिट आहेच.

तीनेक तासांनी मी पेंगत असताना आईने कोपर मारलं. "अरे, छत्तीस झाले!" तिने सिनेमा वगैरे काही लावला नव्हता, आकडेच बघत बसली होती. हे मात्र मला आवडतं सांगायला. विमान निघताना तेलाने जड असतं, आमच्या बोईंग ७८७ सारखं विमान तासाला साधारण पाच टन तेल पितं, तर जसजसं हलकं होतं तसतसं पायरी पायरीने वर चढतं. आणि दोन-दोन हजारांनीच का, तर पश्चिमेला जाणारे सम आकड्यांवर, पूर्वेला जाणारे विषम, म्हणजे समोरून येणारा हजार फूट वर किंवा खाली. आईचं यावर एकच, "आपल्या घाटात लावा हा नियम."

मग भूक लागली. चिवड्याचं पाकीट काढलं तर उशीसारखं टम्म फुगलेलं, आईला वाटलं खराब झालं. खराब कसलं, केबिनमध्ये हवा भरतात पण ती जमिनीइतकी दाट नाही भरत, आमच्या विमानात साधारण सहा हजार फुटांवर असते तेवढीच. महाबळेश्वर साडेचार हजारावर, म्हणजे आम्ही महाबळेश्वरच्याही वर बसून चिवडा खात होतो! चहा मात्र पुचाट, त्याला काही इलाज नाही. केबिनची हवा इतकी कोरडी की नाक सुकतं आणि चवच लागत नाही.

तुर्कस्तानच्या पुढे कधीतरी ३८ झाले. समोरून वारा होता त्यामुळे वेग कमी दाखवत होता, आई वैतागली. येताना मी एकटा होतो तेव्हा तोच वारा पाठीशी, जवळजवळ तासभर आधी पोचलो.

उतरताना कान दुखायला लागले तिचे, गोळ्या दिल्या चघळायला. लँड झाल्यावर पिशवी आवरताना तिला पाण्याची रिकामी बाटली सापडली. वरती पाणी संपवून झाकण घट्ट लावून ठेवलेली, आता पार चेपून गेलेली. तिने ती हातात फिरवून बघितली आणि माझ्याकडे रोखून म्हणाली, "यावर बसलास ना तू?"