तुम्ही विचारलंत म्हणून: बालीत बोट का नाही घेतली?

बालीहून आल्यापासून आमच्या भिशीत हा प्रश्न ठरलेला. "एवढ्या लांब गेलात आणि तीन दिवस खोलीसमोरच्याच पाण्यात? बोटीने चार ठिकाणं तरी बघायची!"

तर ऐका. आम्ही मायलेकी गेलो होतो स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून, वरून तरंगत पाण्याखालचं बघायला. उतरलो होतो बालीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमेदला, जेमेलुकच्या छोट्याशा खाडीवर. खोलीच्या पायऱ्या उतरलं की आगुंग ज्वालामुखीची काळी वाळू आणि गोटे, त्यावर ओळीने ओढून ठेवलेल्या जुकुंग, म्हणजे दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या उलांड्या असलेल्या होड्या. त्यापुढे लगेच पाणी. थोडं पुढे तरंगत गेलं की खाली प्रवाळ सुरू.

पहिल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही, हे कबूल करते. रंग दिसले, बस. सारखा मास्क गळत होता, लक्ष सगळं नाकात. (नंतर कळलं, कडेखाली केस अडकले होते.) त्यात ओहोटी. प्रवाळावर जेमतेम वीतभर पाणी, पोट खरवडेल म्हणून श्वास धरून परत फिरले. बोटीने आले असते तर माझं स्नॉर्केलिंग तिथेच संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी भरती बघून उतरले. तेव्हा कुठे कुरुमकुरुम आवाज कानात शिरला. पॅरटफिश दगड खरवडत होता! त्यावरचं शेवाळ खाताना चुन्याचा भुगाही त्याच्या पोटात जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. समुद्रफुलातलं (हा फुलासारखा दिसणारा प्राणी) क्लाउनफिशचं कुटुंबही तेव्हाच सापडलं. त्यातली सगळ्यात मोठी ती मादी. ती मेली तर तिचा नर स्वतःच मादी होतो. भिशीत हे सांगितल्यावर बराच वेळ कुणी दुसरं काही बोललं नाही.

त्याच दुपारी टायटन ट्रिगरफिश अंगावर आला. चांगला हातभर मासा, दात माणसासारखे. घरट्यात अंडी असली की तो राखण करतो, आणि त्याची हद्द नरसाळ्यासारखी वर रुंद होत जाते. म्हणून वर न जाता आडवं पळायचं. मला हे ठाऊक नव्हतं. पायातल्या पोहायच्या फिनचा एक तुकडा तिथेच राहिला. तिसऱ्या दिवशी मात्र ती जागा लांबून वळसा घालून टाळली, गल्लीतलं कुत्रं टाळतो तशी.

मधे एकदा जवळच्या तुलांबेन गावी गेलो. १९४२ साली जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं लिबर्टी हे अमेरिकन मालवाहू जहाज तिथे किनाऱ्याला लावलं होतं, ते १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकात पाण्यात सरकलं. त्याचा वरचा भाग वरून तरंगतानाही दिसतो. तिथेही बोट लागत नाही, बरं का.

पोहता येत नसेल तर? लाइफजॅकेट घाला, एकट्याने उतरू नका. मी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकले, तरी जॅकेट घातलंच. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमसूट बरा. आणि प्रवाळावर पाय टेकू नका, तो दगड नाही, जिवंत आहे.

शेवटच्या दुपारी जेवणात तळलेला मासा आला. लेक म्हणाली, "आई, हा आपला सकाळचा तर नव्हे?"

"नाही गं, हा बाहेरच्या समुद्रातला," मी म्हटलं. तरी दोघींनी आधी त्याचे दात बघितले.