तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा महिन्यांचं घर

लातुरात परत येऊन चार वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणीतरी जवळ सरकून विचारतंच, "पुणं का सोडलंत? परवडंना का?" जोर सगळा 'परवडंना'वर.

भाडं हे कारण आहेच. २०११ मध्ये वाकडला वन बीएचके साडेसात हजारांत मिळाला होता. शेवटी तेवढ्याच जागेला अठरा देत होतो. पण पगारही वाढला होता, त्यामुळं ते रडगाणं गात नाही. दमवलं ते अकरा महिन्यांनी.

करार अकराच महिन्यांचा का, हे मलाही उशिरा कळलं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. ती टाळायला अकराची पळवाट निघाली. पुढं महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुदत कितीही असो, करार नोंदवायला लावला. पळवाट बुजली, अकरा तेवढे राहिले. राहणारच, त्यात मालकाची सोय आहे. मुदत संपली की दहा टक्के वाढ, नाही तर "मुलाचं लग्न ठरलंय, घर लागेल." एका मालकानं असं सांगून घर रिकामं करून घेतलं. पंधरा दिवसांनी तेच घर चार हजार जास्तीनं ॲपवर दिसलं. लग्न मोडलं असेल बिचाऱ्याचं.

मग पुन्हा दलालाला एक भाडं, टेम्पो, हमाल, जुन्या डिपॉझिटमधून कापलेले रंगाचे पैसे. करार नोंदवायला एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन यायचा, "कॅमेऱ्याकडं बघा" म्हणायचा. लग्न एकदा लागलं, अंगठा नऊ वेळा. लेकरू पहिलीत जाईपर्यंत चौथ्या घरात होतं. आधारवर पुण्याचा पत्ता कधी घातलाच नाही. किती वेळा बदलणार? मतदार यादीतलं नावही इथलंच. दिवाळीला ट्रॅव्हल्सवाला मागेल ते देऊन गावाकडं यायचो, तेव्हा कुठं घरी आल्यासारखं वाटायचं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पंधरा दिवसांसाठी म्हणून इकडं आलो आणि आठ महिने पुण्यातल्या बंद घराचं भाडं भरलं. आम्ही इथं, तिथं आमचं कुलूप राहत होतं. बायको म्हणाली, "कुलपाला एवढं मोठं घर कशाला?" तिथंच ठरलं.

इथं सगळं गोड आहे असं नाही. पगार कमी झाला. नळाला रोज पाणी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे शहर, उन्हाळा लागला की पोटात गोळा येतो. क्लासेसच्या भागात मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांमुळं खोल्या कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेच्या भाड्यानं जातात, तिथं कुटुंबाला घर कोण देतो? आणि घर बघायला गेलं की भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. पुण्यातही विचारायचे, जरा फिरवून.

आम्हाला जुन्या वस्तीत घर मिळालं. घरमालकीण मावशी खालीच राहतात. करार करू म्हणालो तर म्हणाल्या, "कागद कशाला करायलाव? राहा की निवांत." कायद्यानं लागतो, उद्या त्रास तुम्हालाच होईल, असं समजावलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरं, मग किती वर्षांचा करायचा?"

दहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आकडा सांगायला मला दोन दिवस लागले.