ई-नाइन्थमध्ये लपलेलं बी-सिक्स्थ: स्नीकी पीटच्या मागावर

सध्या माझा सगळा सराव एकाच माणसाभोवती फिरतोय: पीट क्लाइनो ऊर्फ 'स्नीकी पीट'. ६ जानेवारी २००७ ला कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा इथे तो गेला, वयाच्या ७२व्या वर्षी. पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार; पायाची पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचे लिव्हर तारांचे स्वर बदलतात. ते वाजवणाऱ्यांत बडी एमन्सचं नाव सगळे घेतात आणि ते योग्यच आहे. एवढा स्वच्छ हात दुसरा नाही. पण कंट्री रॉकमध्ये या वाद्याने काय काय करून दाखवलं, हे समजून घ्यायचं तर माझ्या मते सुरुवात पीटपासूनच करायला हवी.

कारण साधं आहे. १९६८ मध्ये ग्रॅम पार्सन्स आणि क्रिस हिलमन 'द बर्ड्स' या रॉक बँडमधून बाहेर पडले आणि लॉस एंजेलिसमध्ये 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' हा बँड उभा राहिला. बेसवर क्रिस एथरिज, स्टीलवर पीट. लीड गिटार वाजवणारा वेगळा माणूसच नव्हता. त्यामुळे जी जागा एरवी इलेक्ट्रिक गिटारवाल्याची, ती पीटकडे आली. त्यांचा १९६९ चा पहिला अल्बम 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' या कानाने ऐका. स्टील गायकाच्या मागे उसासे टाकत बसत नाही, ओळ संपायच्या आत पुढे येतं. 'ख्रिस्टीन्स ट्यून'मध्ये तर स्टीलवर थेट फझ (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) आहे, आणि एकावर एक थर चढवून केलेलं रेकॉर्डिंग आहे. कंट्रीतल्या कर्मठांना तो फझ खटकला असेल, पण फझचा जन्मच नॅशव्हिलचा! मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी'मध्ये एक बिघडलेलं चॅनल तसंच ठेवलं गेलं आणि १९६१ मध्ये तो खरखरीत आवाज लोकांनी पहिल्यांदा रेडिओवर ऐकला. पीटने तो आपल्या पेडल स्टीलला जोडला, शिवाय लेस्लीचा फिरता स्पीकर आणि एकोप्लेक्स हे प्रतिध्वनीचं यंत्रही वापरलं.

आता माझ्या वाद्याकडे. पीटचं स्टील म्हणजे आठ तारांचं फेंडर ४००. त्यात पेडलपासून पुलापर्यंत (तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंत) केबल जातात आणि केबलचा हूक एका तारेवरून काढून दुसरीला अडकवला की पेडलचं काम बदलतं. ट्यूनिंग (तारांची जुळणी) बी-सिक्स्थ, म्हणजे स्टीलवादक जेरी बर्डने लोकप्रिय केलेल्या सी-सिक्स्थच्या अर्धा स्वर खाली. माझ्याकडे मात्र दहा तारांचं, नेहमीच्या ई-नाइन्थ ट्यूनिंगचं वाद्य आहे, आणि दुसरं वाद्य घेण्याचा विचारही नाही. मग त्याची वाक्यं माझ्या हातात बसणार कशी?

याचं उत्तर माझ्या गुडघ्याशीच होतं. ई-नाइन्थच्या तारा पहिलीपासून अशा: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. आता दोन्ही ई खाली नेणारा नी-लिव्हर दाबून धरा. चौथी आणि आठवी तार डी शार्प होते. उरलं काय? बी, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प. हेच बी-सिक्स्थ! नववी तार तेवढी सोडायची, तिचा डी या घरात बसत नाही. बारा तारांचं युनिव्हर्सल ट्यूनिंग याच गोष्टीवर उभं आहे हे वाचलेलं होतं, पण लिव्हर दाबून चौथी, पाचवी आणि सहावी तार एकदम छेडली तेव्हा ते खरं अंगात शिरलं. ए आणि बी नावाच्या पेडलांची नेहमीची रडकी वळणं तिथे हाताशी येत नाहीत. आपोआप दुसरी, जॅझकडे झुकणारी वाक्यं सुचायला लागतात.

अडचण एकच: लिव्हर सतत दाबून धरायचा म्हणजे गुडघा भरून येतो. खुर्चीची उंची थोडी वाढवल्यावर बराच फरक पडला.

खरी मजा फझ लावल्यावर आहे. एकच तार असेल तर काही प्रश्न नाही. दोन तारा एकत्र वाजल्या की फझ त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही तयार करतो. ते मूळ स्वरांशी जुळले नाहीत तर नुसती गुरगुर ऐकू येते. षड्ज-पंचम जोडी टिकते. गंधार (सप्तकातला तिसरा स्वर) आला की गडबड सुरू होते, कारण ट्यूनरच्या समान विभागणीतला गंधार शुद्ध ५:४ पेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढा असतो. तानपुरा ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तोच इथे लागतो. मी लिव्हर दाबून पाचव्या तारेच्या बीशी चौथीचा डी शार्प लावतो आणि दोन स्वरांमधले हेलकावे थांबेपर्यंत लिव्हरचा स्टॉप फिरवतो, तोही फझ चालू ठेवूनच. क्लीन आवाजात जो हेलकावा कानाला सुटतो, तो फझमध्ये ढळढळीत समोर येतो. एकदा हेलकावे थांबले की तीच जोडी एका मोठ्या, घट्ट आवाजासारखी उभी राहते. पडदे नसलेल्या वाद्याचा हा फायदा आहे, आणि फ्रेटवाल्या गिटारवर फझमध्ये कॉर्ड इतका मऊ का लागत नाही, हेही त्यातून कळतं.

व्हॉल्यूम पेडल कुठे ठेवायचं यावरही वेळ घालवला. ते फझच्या आधी ठेवलं तर पाय मागे घेतला की आवाजाबरोबर खरखरही कमी होते. फझनंतर ठेवलं तर खरखर तशीच राहते आणि पायाने फक्त आवाज फुलवता येतो. लांब मींड घेताना मला दुसरी जोडणी आवडते. तुटक, दणकट वाक्यांसाठी पहिली. ब्लॉकिंग मात्र दोन्हीकडे कडक हवं, कारण फझ एकही सुटलेली तार माफ करत नाही. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून प्रत्येक स्वर संपवणं, हाच सध्या रोजचा पहिला व्यायाम आहे.

पीटचं दुसरं आयुष्यही मला विलक्षण वाटतं. तो स्टॉप-मोशन अॅनिमेटर होता. 'गम्बी' या मालिकेवर त्याने काम केलं, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आणि 'द टर्मिनेटर'वरही. 'द विंड्स ऑफ वॉर' या मालिकेच्या दृश्य-करामतींसाठी त्याला एमी पुरस्कार मिळाला. बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची. त्या पहिल्या अल्बमवरचे स्टीलचे थर ऐकताना हाच धीर मला जाणवतो. अल्बमच्या मुखपृष्ठासाठी चौघांनी भरजरी सूट शिवणाऱ्या न्यूडी कोनच्या दुकानातून सूट शिवून घेतले, तेव्हा पीटच्या काळ्या सुटावर सोनेरी टेरोडॅक्टिल (उडणारा प्रागैतिहासिक सरीसृप) होता. प्राणी हलवणाऱ्या माणसाने निवडावा असाच!

१९७१ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला आणि सत्रवादक म्हणून भरपूर वाजवलं. जॉन लेननच्या 'माइंड गेम्स'वर तो आहे. जोनी मिचेलच्या 'ब्लू' अल्बमवर 'कॅलिफोर्निया' आणि 'धिस फ्लाइट टुनाइट' या दोन गाण्यांतही आहे. 'कॅलिफोर्निया'त तो फार थोडं वाजवतो. गाण्याच्या कडेला येतो, एक स्वर वर सरकवतो आणि निघून जातो. फझच्या एवढ्या सरावानंतर आता तेच हातात घेतोय: फझ बंद, बार हलका, लिव्हर दाबलेला, आणि फक्त चौथी व पाचवी तार. ई-नाइन्थवर बी-सिक्स्थची वाक्यं बसवणाऱ्या कोणी लिव्हर सुटताना होणारा 'टक्' कमी केला असेल, तर युक्ती जरूर सांगा. संथ गाण्यात तो फार ऐकू येतो.